पांढरी पाच, जराशी चढी

नागभीडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी एक प्रश्न जितक्या वेळा विचारला, तितका दुसरा कोणताच विचारला नसेल. "आवाज येते का?" आणि लोकांनी मला जितक्या वेळा "हाव, येते" म्हटलं, त्यातल्या निम्म्या वेळा ते साफ खोटं बोलत होते.

ट्रंक कॉलचे दिवस होते. खेड्यावरून एखादा माणूस बैलगाडीनं यायचा, नागपूरला शिकणाऱ्या पोराला फोन लावायचा. लाइनवर अशी खरखर, की कोणी कढईत लाह्या फोडतंय. मी विचारायची, "भाऊ, आवाज येते का?" तो मान हलवून हलवून "येते, येते" म्हणायचा. नाही म्हटलं तर बाई लाइन कापेल ही एक भीती, आणि सरकारी बाईला नाही कसं म्हणायचं हा एक संकोच. पाच मिनिटं तो नुसता "हाव, हाव" करायचा, फोन ठेवायचा, आणि काउंटरशी येऊन हळूच विचारायचा, "काय म्हणत होता जी तो?" मग मी सांगायची. लाइन तपासायला आम्हाला मधूनमधून ऐकावंच लागायचं, आणि माझे कान तेव्हा खरखरीतून शब्द वेचण्यात तयार झाले होते.

पुढं एक्स्चेंजं इलेक्ट्रॉनिक झाली आणि आम्हा ऑपरेटर बायांना खुर्चीवरून उठवून वायरींच्या कामाला लावलं. पक्कड हातात घेतली तेव्हा घरच्यांनी तोंडं वाकडी केली, पण मला ते काम फार आवडलं. निवृत्त झाल्यावर ब्रह्मपुरीत घर बांधलं आणि दोन महिन्यांत कंटाळले. आता स्कुटीच्या डिक्कीत पक्कड, टेस्टर आणि वायरीचं भेंडोळं घेऊन फिरते, लोकांच्या घरी इंटरनेटच्या वायरी जोडून देते. माझं नाव मंदा, पण अर्ध्या तालुक्याला मी 'वायफायवाली बाई' म्हणूनच ठाऊक आहे.

आताशा गाणीही इंटरनेटवरूनच ऐकतात लोक. त्यामुळे माझ्याकडे नवीन तक्रारी येतात. चिमूरच्या एका हेडमास्तरांची तक्रार होती की गाणं दर दोन मिनिटांनी अडकतं. गेले, पाहिलं, तर राउटर लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप. चोरीच्या भीतीनं. मी म्हटलं, "गुरुजी, फक्त दार उघडा." दार उघडलं, गाणं सुरळीत. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांची फसवणूक केली. नागभीडच्या एका किराणा दुकानदारानं तर राउटरला लिंबू-मिरची बांधली होती. वर मलाच सांगतो, "बाई, तेव्हापासून सूर गोड झाला." मी हसले नाही. कारण त्याच आठवड्यात मी वासुदेवभाऊंच्या घरी एक खोकं बसवून आले होते, आणि त्या खोक्याची कथाही लिंबू-मिरचीहून फार वेगळी नव्हती.

वासुदेवभाऊंची ब्रह्मपुरीत राइस मिल आहे. मिलला लागूनच घर. माणूस दिलदार आणि गाण्याचा भयंकर शौकीन. तरुणपणी त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत बायांची कामं केली आहेत, आणि आज दोन हाताचं पोट सुटलं तरी पदर सावरल्यासारखा हात खांद्याशी जातोच. त्या काळापासूनचे त्यांचे जिवलग म्हणजे आरमोरीचे दौलत मास्तर. झाडीपट्टीत नाटक कंपनीचा पेटीवाला म्हणजे मास्तर, मग तो शाळेत चौथीपर्यंतच का गेला असेना. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, तिथं नाटकं होतात, आणि मास्तर चाळीसेक वर्षं त्या हंगामात पेटीवर आहेत. हंगाम नसेल तेव्हा दर गुरुवारी, मिल बंद असते म्हणून, ते वैनगंगेचा पूल ओलांडून यायचे आणि दोघं मित्र दुपारभर जुनी नाट्यपदं ऐकायचे.

मागच्या पावसाळ्यात वासुदेवभाऊंनी कुठूनतरी वाचलं, की इंटरनेटवरून गाणं ऐकायचं तर मध्ये एक खास खोकं लावावं आणि खास वायर घालावी, आवाज सुधारतो. खोकं आलं. काळंभोर, वजनदार, वर हात ठेवला तर कोमट. आणि वायर मनगटाएवढी जाड, दोन्ही टोकांना चांदीसारखी चमकणारी धातूची तोंडं. बसवायला मला बोलावलं.

आता ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या टेलिफोनच्या तारेतून आवाज स्वतः जायचा, म्हणून वाटेत त्याला धूळ लागायची, खरखर व्हायची. इंटरनेटच्या वायरीतून आवाज जातच नाही. जातात ती आकड्यांची पोती. गाणं वाजवणारं यंत्र आधी थोडी पोती आपल्या कोठारात भरून घेतं, एखादं पोतं फुटलं तर परत मागवतं, आणि मग आकड्यांवरून आवाज तयार करतं. पोती वेळेवर पोचली नाहीत तर गाणं अडकतं, गुरुजींच्या कपाटातल्यासारखं. पण पोचली तर पोचली. धान बैलगाडीनं आणलं काय आणि ट्रकनं आणलं काय, भात तोच शिजतो.

हे मी वासुदेवभाऊंना सांगितलं. ते मिलवाले, ऐकून घेतात होय?

"धान तेच राह्यते, बाई, पण गाडीनं हासडे देल्ले तं कणी पडते ना. आख्खा तांदूळ अन् कणी, चवीत फरक नाई?"

"भाऊ, आकड्याची कणी पडत नाई. आख्खा येते नाई तं येतच नाई."

"पाह्यजो तुम्ही," असं म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. राउटर मिलच्या ऑफिसात होता. खोकंही तिथंच ठेवलं, त्याला ऑफिसातल्या तीन पिनांच्या सॉकेटातून वीज दिली, आणि ती जाडजूड वायर भिंतीच्या भोकातून बैठकीतल्या गाण्याच्या यंत्रापर्यंत आणली. जुनी निळी वायर तशीच राहू दिली. गाणं सुरू झालं. भाऊंनी डोळे मिटले, मान डोलावली, आणि डोळे उघडून मला विचारलं, "सुधरला का नाई आवाज?"

त्या वेळी माझ्या तोंडात त्यांच्या बायकोनं, सुमनबाईनं, नुकताच आणून दिलेला गरम वडा होता. समोर त्या माणसाचा लहान पोरासारखा फुललेला चेहरा. मी गाणं ऐकलंही नव्हतं. मी म्हटलं, "हाव भाऊ, फरक तं आहे."

एकतीस वर्षं ज्या लोकांना मी मनातल्या मनात हसले, त्यांच्यातच मी जाऊन बसले.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, दिवाळी तोंडावर असताना, ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर मला दौलत मास्तर दिसले. आरमोरीच्या जीपची वाट पाहत बाकावर बसले होते, मांडीवर डॉक्टरची फाइल. मी शेजारी बसले, म्हटलं, "काय जी मास्तर, तब्येत बरी नाई का?"

"कान पाह्याले आलो होतो." मास्तर मुळातच हळू बोलतात, त्या दिवशी आणखी हळू बोलले. "कान वाजून राह्यले माहे. डॉक्टर म्हणते, वयाच्या मानानं ठीक आहे. आता वयाच्या मानानं ठीक असलेल्या माणसाले पेटीवर कोन बसवते, बाई? सोमवारी कंपनीच्या मालकाले सांगून टाकतो, या हंगामाले दुसरा मास्तर पाहा म्हणून."

मी हबकले. चाळीस वर्षं हंगाम न चुकवलेला माणूस. घरात बायको नाही, पोरगी लग्न होऊन वणीला. हंगाम हेच त्यांचं घर. मी विचारलं, कान कधीपासून वाजतात.

"वासुदेवनं ते खोकं आणलं ना, तवापासून. मी बसलो आयकाले, तं गाण्याच्या मागं एक गुणगुण. सारखी. मी म्हटलं, वासुदेव, गुणगुण येऊन राह्यली बे. तो हासला. म्हणे इतका मोठा खर्च केला, बाईनंही सांगतलं आवाज सुधरला, अन् तुलेच काऊन गुणगुण येते? कान तपास आपले. तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, फरक आहे म्हणून?"

वडा तोंडात ठेवून दिलेला माझा 'हाव' इथवर पोचला होता.  मी विचारलं, "मास्तर, घरी गुणगुण येते का?"

ते विचारात पडले. "घरी... ध्यान नाई देल्लं. पेटीले तं हातच नाई लावला तवापासून. भेव वाटते."

आमच्या एक्स्चेंजमध्ये एक नियम होता. बिघाड तारेत आहे की माणसात, हे कळत नसेल, तर माणूस उचलून दुसऱ्या तारेवर बसवायचा. मी मास्तरांना सांगून टाकलं, की मी त्या दिवशी खोटं बोलले, गाणं ऐकलंच नव्हतं, तोंडात वडा होता. मास्तर कसनुसं हसले. त्यांना वाटलं, मी त्यांची समजूत काढतेय. आणि का वाटू नये? एकदा खोटं बोललेल्या बाईचं दुसऱ्यांदा खरं कसं मानायचं? आता शब्दानं काम होणार नव्हतं.

"येत्या गुरुवारी वासुदेवभाऊकडे या," मी म्हटलं. "सोमवारच्या आधी एकदा. माह्यासाठी या."

वासुदेवभाऊंना राजी करायला वेळच लागला नाही. मी म्हटलं, पडद्याआड वायरी बदलते, तुम्ही नुसतं ऐकून सांगायचं कोणती लागली आहे. "बारापैकी बारा सांगतो," ते म्हणाले. कपडेही जरीकाठाचं उपरणं घेऊन नाटकाला निघाल्यासारखे केले होते त्यांनी त्या दिवशी.

बैठकीत मी सुमनबाईचं एक जुनं नऊवारी लुगडं दोरीवर बांधलं. त्याच्या मागे गाण्याचं यंत्र, मी, आणि दोन वायरींची टोकं. एक जाडी, खोक्यातून आलेली. एक निळी, साधी, प्लास्टिकच्या तोंडाची, थेट राउटरमधून आलेली. लुगड्याच्या पलीकडे दोन मित्र, एकमेकांकडे पाठ करून. दोघांच्या हाती पोत्यांवर नंबर टाकायचा खडू. वासुदेवभाऊंनी फरशीवर उजवीकडे रेघ मारायची म्हणजे जाडी वायर, डावीकडे म्हणजे निळी. मास्तरांना मी वायरीचं काही विचारलंच नाही. म्हटलं, "तुम्ही फक्त गुणगुण आली तं उजवीकडं मारा, नाई आली तं डावीकडं."

आता कोणती वायर कधी लावायची हे मी ठरवलं असतं तर मनात एक चाल येतेच. म्हणून ते काम सुमनबाईकडे दिलं. फोडलेले पाच चिंचोके, आपण पटावर खेळायला घेतो तसे. तिनं माझ्याशेजारी बसून पाटावर टाकायचे. पांढऱ्या बाजू जास्त आल्या तर जाडी, काळ्या जास्त आल्या तर निळी. आणि दर वेळी मी वायर काढणार, परत तीच लावायची असली तरी, म्हणजे खटक्याच्या आवाजावरून कोणाला काही कळू नये.

पहिल्यांदा निळी आली. गाणं सुरू झालं. पलीकडून वासुदेवभाऊंचा तृप्त आवाज, "वा. याले म्हणते आवाज." खडूची रेघ, उजवीकडे. सुमनबाईनं पदर तोंडात कोंबला. दुसऱ्यांदा जाडी. भाऊ म्हणाले, "हे साधी. कोरडं कोरडं वाटून राह्यलं." सुमनबाईचे खांदे हलायला लागले, मी तिला डोळ्यांनी दटावलं आणि स्वतःच ओठ चावून बसले. मास्तरांकडून मात्र एक शब्द नाही. फक्त खडूचा कर्रर्र आवाज.

सहाव्या-सातव्या वेळेपर्यंत मजा होती. मग मला धास्ती वाटायला लागली. मास्तरांच्या रेघा चुकल्या तर? मग मी काय केलं असणार? भल्या माणसाला त्याच्याच मित्रासमोर बसवून, त्याचे कान गेल्याचा दाखला खडूनं लिहून दिला असणार. सोमवार चारच दिवसांवर होता. मी गणपतीला नारळ बोलले, खोटं कशाला सांगू.

बारा झाले. लुगडं सोडलं. सुमनबाईनं दर वेळचं चिंचोक्याचं दान पाटीवर टिपून ठेवलं होतं, ते घेऊन मी फरशीवर बसले.

वासुदेवभाऊ बारापैकी पाच बरोबर.

मास्तर बाराच्या बारा. जाडी वायर लागली की उजवीकडे, निळी लागली की डावीकडे. एक रेघ चुकली नव्हती.

मी परत मोजलं. सुमनबाईनं मोजलं. मग वासुदेवभाऊ गुडघे धरून खाली बसले आणि त्यांनी बोट ठेवून ठेवून मोजलं.  मास्तरांना अजून अर्थ लागला नव्हता, ते म्हणाले, "किती चुकले?"

"एकही नाई, मास्तर," मी म्हटलं. "गुणगुण तुमच्या कानात नाई. त्या वायरीत आहे. कोणत्या सुरात आहे, सांगता का?"

हा प्रश्न त्यांना त्यांच्या घरचा होता. त्यांनी जाडी वायर परत लावायला सांगितली, मान तिरकी केली आणि लगेच म्हणाले, "पांढरी पाच. पण जराशी चढी."

मला इतका आनंद झाला, की मी त्यांच्या पायाच पडले. घरातल्या विजेला स्वतःचा एक सूर असतो. गावाबाहेरच्या डीपीखाली, विजेच्या ट्रान्सफॉर्मरखाली, उभं राहा, ऐकू येईल. तो सूर पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, म्हणजे पांढऱ्या पाचाच्या, किंचित वर असतो. आम्हाला हे प्रशिक्षणात मीटर लावून शिकवलं होतं, आणि हा माणूस आरमोरीहून जीपमध्ये कोंबून येऊन, गाण्याच्या मागून तो सूर वेचून सांगत होता.

मग बिघाड सापडायला वेळ लागला नाही. मिलच्या ऑफिसाचं अर्थिंग वेगळं, घराचं वेगळं. दोन खड्डे, दोन जमिनी. खोकं मिलच्या अर्थिंगवर, गाण्याचं यंत्र घराच्या, आणि धातूच्या तोंडांच्या त्या उंची वायरीनं दोघांना जोडून ठेवलं होतं. एका सुनेला दोन सासवा झाल्या की जी कुरकुर सुरू होते, ती. निळ्या वायरीला प्लास्टिकची तोंडं, म्हणून ती दोन्ही घरांची भांडणं आपल्यात येऊच देत नव्हती. आणि वायर जोडली होती कोणी? मीच. ऐकलं असतं तर त्याच दिवशी सापडलं असतं.

वासुदेवभाऊंनी स्पीकरच्या जाळीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. उठले तेव्हा डोळे ओले होते.

"येते रे," ते म्हणाले. "बारीक आहे, पण येते. दौलत, तुह्या कानाले मी नाव ठेवलं बे."

"ठेवलं तं ठेवलं," मास्तर म्हणाले. "पण मी तुह्यावर इस्वास ठेवला ना. चाळीस वर्सं माह्या कानावर भाकर खाल्ली, अन् तू एक डाव हासला तं मी डाक्टरकडं पळालो. चूक कोनाची?"

मी मध्ये पडले आणि म्हटलं, "माझी," आणि पुन्हा एकदा वड्याची गोष्ट सांगितली. या वेळी सगळ्यांनी विश्वास ठेवला. सुमनबाई म्हणाली, "आता तुम्हाले आधी काम, मंग वडा." तो नियम त्या घरात आजही लागू आहे.

राहता राहिलं ते खोकं. भाऊंना ते काढवेना, ठेववेना. शेवटी सुमनबाईच बोलली, की काढू नका, लागू राहू द्या, ती रोज त्याच्यावर दह्याचं भांडं ठेवते. थंडीत दही लागत नाही, या खोक्यावर लागतं, आणि असं कवडीदार की विळीनं कापावं. त्या खोक्यानं काही सुधारत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. आता गाणं निळ्या वायरीवर, आणि दही खोक्यावर.

मास्तर सोमवारी कंपनीच्या मालकाकडे गेले, पण नाही सांगायला नव्हे, तालमीची वेळ विचारायला.

मंडईच्या दिवशी आम्ही तिघं, वासुदेवभाऊ, सुमनबाई आणि मी, दुपारी चारलाच मास्तरांचं नाटक होतं त्या गावी पोचलो. कापलेल्या धानाच्या बांधीत मंडप, पायाखाली धसकटं टोचत होती, आणि माइकची तपासणी चालली होती. मास्तर रंगमंचासमोर पेटीशी बसले होते, नवी टोपी घालून. शेजारी तबला ठोकून पाहणं चाललं होतं. आम्हाला पाहून त्यांनी पेटीवर दोन सूर वाजवले आणि माइक तोंडाशी घेतला. "आवाज येते का?"

"येते, येते, मास्तर," चारी बाजूंनी उत्तर आलं. भोंगे लावणारे म्हणाले, खुर्च्या मांडणारे म्हणाले, सगळ्यांत मोठ्यानं वासुदेवभाऊ म्हणाले.

माझ्याही तोंडाशी ते आलंच होतं. पण मी थांबले आणि या वेळी ऐकलं.

"नाई येत, मास्तर," मी उभी राहून म्हटलं. "डाव्या भोंग्यातून तबला येते, पेटी नाई येऊन राह्यली."

सगळे माझ्याकडे वळून पाहायला लागले. भोंगेवाला नाखुशीनं उठला, मागे जाऊन पाहिलं, आणि एक निघालेली वायर हातात धरून दाखवली. मास्तर हसत होते. वायर लागली, त्यांनी भाता ओढला, एक बोट ठेवलं आणि दाबून धरलं. पांढरी पाच. बरोबर जागेवर, ना चढी ना उतरलेली. सगळ्या बांधीभर पसरली.

"आता, बाई?"

"आता येते, मास्तर," मी म्हटलं. आणि खरंच येत होता.